उडतीचा सातवा कागद

आत्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. एकदा भर बाजारात भाचेसुनेने तिला हाक मारली, तर आत्या परक्या बाईकडे बघावे तशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली, बाहेर झुकलेला डावा घोटा दिसला आणि ती एकदम म्हणाली, "अगं, तू होय! मग आधी सांगायचं नाही का?" भाचेसून ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते, आणि सांगताना आत्याचा आवाजही काढते. आत्या ऐकून घेते आणि हातातले काम चालू ठेवते. त्यात हसण्यासारखे काय आहे ते तिला कळत नाही. चेहरा माणूस रोज वेगळा करून येतो. पाय असतात तसे असतात.

तिचा यात फारसा दोषही नाही. तिचे बुटांचे दुकान म्हणजे उतारावरच्या गल्लीतली, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली असलेली एक खोली. खिडकी एकच, छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरची माणसे दिसतात ती गुडघ्यापर्यंत. वयाच्या नवव्या वर्षापासून आत्या त्या खिडकीखाली बसली आहे. आधी वडिलांच्या शेजारी, आणि वडील गेल्यावर त्यांच्याच स्टुलावर. भावाला कातड्याचा वास सोसत नसे म्हणून तो कचेरीत चिकटला. त्याच्या मुलाला कचेरी सोसली नाही म्हणून तो आत्याकडे आला. हा भाचा आता पंचेचाळिशीचा आहे. डोक्यावर केस नाहीत आणि तोंडाला खंड नाही. बुटाचा वरचा भाग तो शिवतो, तळ आत्या बसवते. तो आत्या म्हणतो म्हणून सगळी गल्ली तिला आत्या म्हणते. तिने लग्न केले नाही. का केले नाही असे कुणी विचारलेच तर ती सांगते, "मापाचा जोड सापडला नाही," आणि समोरचा हसला की मग तिच्या लक्षात येते, आपण विनोद केला.

चौदा वर्षांपूर्वी त्या खिडकीतून एक जोडी बूट चालले होते. ते थबकले, मागे फिरले आणि तीन पायऱ्या उतरून आत आले. बुटांच्या वर एक शिक्षिका होती. दोन देश ओलांडून पलीकडे, डोंगरांच्या एका खोऱ्यात तिची मुलींची शाळा होती. इकडे ती वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी आली होती आणि इकडची भाषा बऱ्यापैकी बोलत होती. तिला तळ बदलून हवे होते. आत्याने बूट उलटे करून तळावरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"किती चालता तुम्ही?" तिने शेवटी विचारले.

"इथे नाही एवढी. तिकडे शाळेला जायला दीड तास, यायला पावणेदोन. येताना चढ आहे."

"दगड आहेत. बारीक, धारेचे. आणि एक ओढा ओलांडता."

शिक्षिका आ वासून बघत राहिली. "तुम्ही कधी गेला होतात?"

"मी या गल्लीच्या वरच्या टोकाला गेले तरी घरचे विचारतात, आज कुठे प्रवास," आत्या म्हणाली. "तुम्ही चालता ते ठीक. मुली कशा येतात?"

मुली त्याच वाटेने, पण अनवाणी येत. थंडी पडली की येईनाशा होत. घरात बुटांचा एकच जोड असला तर तो मुलाच्या पायात जाई, आणि मुलगी घरात बसली की तिला घरातलीच कामे दिसू लागत. एक हिवाळा ज्या मुलीचा गेला ती वसंतात परत येईलच असे नसे. शिक्षिकेने हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. डोंगर किती उंच आहे ते सांगावे तसे सांगितले.

आत्याने एक तपकिरी कागद काढून जमिनीवर ठेवला. "पाय यावर ठेवायचा. सरळ उभं राहायचं. दुसऱ्या माणसानं भोवती पेन्सिल फिरवायची. दोन्ही पायांची. एवढं जमेल?"

"पण किती मुलींचे?"

"जेवढ्या आहेत तेवढ्यांचे. पाय काय थोडे थोडे मोजायचे असतात का?"

एवढेच बोलणे झाले. त्यानंतर दुकानाच्या दारावर एक पाटी लागली, शनिवारी गिऱ्हाइकाचे काम होणार नाही. शनिवार त्या मुलींचा. त्याला दान म्हटलेले आत्याला आवडत नसे. दान म्हटले की तिला कुणीतरी उंचावरून हात खाली केल्यासारखे वाटे, आणि ती तर तीन पायऱ्या खाली बसलेली. "शनिवारचं काम" एवढेच ती म्हणे. गल्लीने आधी नाक मुरडले. इथल्या पोरी काय कमी आहेत, असे एकाने विचारलेही. आत्याने कातडे कापायची रापी खाली न ठेवता खिडकीकडे मान केली. "इथल्या पोरी रोज बघते मी. बूट आहेत त्यांच्या पायात. शाळेला जाताना दोन दगड तरी लाथाडतात. तेवढं सुख पुरे आहे की." त्यानंतर हळूहळू कातडी कमावणारा जाड तुकडे बाजूला ठेवू लागला, वरच्या माळ्यावरची शिंपीण अस्तराला लोकरी कापड आणून टाकू लागली. कुणी कुणाला सांगितले नव्हते.

निवृत्त पोस्टमास्तर आले ते मात्र भांडायला. त्यांचा दुरुस्तीला टाकलेला जोड शनिवारी दुकानात अडकला होता. "मी काय सपाता घालून फिरू का, बाई?" म्हणत ते पायऱ्या उतरले. भाच्याने त्यांना एका पालथ्या खोक्यावर बसवले आणि थांबताय तोवर एवढ्या नाड्या ओवा, म्हणून बुटांचा ढीग पुढे केला. मास्तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओवत बसले. पुढच्या शनिवारीही आले. "चाळीस जोड म्हणजे ऐंशी नाड्या. दुसरी पेन्शन लागू झाली पाहिजे मला," असे ते दर वर्षी म्हणतात.

कागद येत उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या सामानातून. तो खिंड उघडली की खाली उतरे, उन्हाळाभर शहरात लोकर विकी आणि खिंड बंद व्हायच्या आत बुटांची पेटी घेऊन परत जाई. पहिल्या वर्षी गठ्ठा सोडून आत्याने सगळे कागद जमिनीवर मांडले आणि खोलीत एकाएकी चाळीस मुली उभ्या राहिल्या. वर काही नव्हते. गुडघे नाहीत, हात नाहीत, चेहरे नाहीत. नुसते उभे राहणे. कुणी अंगठे आत वळवून, कुणी टाचा रोवून, कुणी निघण्याच्या बेतात. बडबड्या भाचासुद्धा त्या दिवशी दाराशी खिळून राहिला, आणि मग भिंतीला पाठ घासत, कडेकडेने आपल्या जागेवर गेला. कुणाला धक्का लागू नये तसा.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात नाव लिहिलेले असे, पण तिकडच्या लिपीत.

"ही लिपी ओळखतो मी," पोस्टमास्तर म्हणाले होते.

"मग वाचा."

"ओळखतो म्हणालो. तुम्ही गल्लीतली सगळी माणसं ओळखता, नावं येतात का एकाचं तरी?"

तेव्हा आत्याने नावे आपली आपण ठेवली. सपाटी, बदकी, करंगळीवाली, राणी. कोपऱ्यातल्या अक्षरांचा आकार बघून दर वर्षीचा कागद ज्याच्या त्याच्या जुडीत जाई. पाय वाढत होते. कागदावरची रेघ दर वर्षी अर्धे बोट पुढे सरकत होती, आणि समुद्राच्या भरतीकडे बघावे तशी आत्या त्या रेघेकडे बघे. कुठल्या तरी डोंगरात, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या एका अंगणात, कुणीतरी वाढते आहे. आणि त्या वाढीला ते बूट पुरे पडत आहेत.

पण पहिल्याच वर्षी एक जोड चुकला होता. एका मुलीची टाच अरुंद होती. आत्याने घाईत सगळ्यांसाठी टाचेचा एकच लाकडी साचा वापरला. पुढच्या गठ्ठ्याबरोबर शिक्षिकेची चिठ्ठी आली. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीची टाच सोलवटली, रक्त आले, बरी होईपर्यंत तिला घरी ठेवले, बरी झाली तोवर बर्फ पडले, बर्फ वितळले तोवर ती कामाला लागली होती. ती परत आली नाही. तुमचा काही दोष नाही, असेही चिठ्ठीत होते. आत्याने ते वाक्य भाच्याला पुन्हा वाचायला लावले. त्या वर्षापासून ती प्रत्येक मुलीच्या दोन्ही टाचा वेगवेगळ्या घडवते. साच्यावर कातड्याचे पातळ थर चढवते, तासते, पुन्हा चढवते. भाचा म्हणतो, एवढ्या वेळात दुसरा कारागीर दोन जोड करील. ती म्हणते, "करू दे की."

उडती आली ती या कामाच्या सहाव्या वर्षी. आठ वर्षांची असावी. तिच्या पहिल्या कागदावर टाचेची रेघ पूर्ण झालीच नव्हती. पेन्सिल पोचायच्या आत पाय उचललेला. "ही थांबणारी नाही," आत्या म्हणाली, आणि नाव पडले. उडतीच्या अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब होते, चांगले अर्ध्या पेराने. सहा वर्षे सहा कागद आले. बोट दर वर्षी पुढे.

सातव्या वर्षी, म्हणजे गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, जो कागद आला त्यावर ते बोट नव्हते.

म्हणजे बोटे पाचच होती, पण सगळ्यांत पुढे अंगठा. पाय रुंद झालेला. टाचेची रेघ कुठच्या कुठे. कोपऱ्यात अक्षरे मात्र उडतीचीच.

"पाय वाढताना बदलला असेल," भाचा म्हणाला.

"पाय वाढतो, शहाण्या. बोटं रांगेतल्या जागा बदलत नाहीत."

"मग सरळ आहे. हा दुसऱ्या कुणाचा पाय आहे. हिला काढलं शाळेतून, आणि बूट तर फुकटचे येतातच, म्हणून घरातल्या दुसरीला उभं केलं कागदावर." हे बोलून झाल्यावर तोच ओशाळला. "मला आपलं वाटलं ते बोललो."

आत्याला तेच वाटले होते, म्हणून ती त्याच्यावर चिडलीसुद्धा नाही. पंधराव्या वर्षी मुलीला घरात ठेवून घेतात हे शिक्षिका पहिल्याच दिवशी म्हणाली होती. आता विचारायचे तर कुणाला? ती शिक्षिका दोन वर्षांपूर्वी थकून घरी बसली होती. नव्या शिक्षिकेला इकडची भाषा येत नव्हती, तेव्हा चिठ्ठ्या बंद. नुसते कागद येत. शाळेला फोन नव्हता. व्यापाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "आत्याबाई, मला खालच्या गावात बांधलेला गठ्ठा मिळतो. आतलं मी काय सांगू?" आणि टपालाचे नाव काढताच पोस्टमास्तर म्हणाले, "त्या खोऱ्यात पत्र जाऊन उत्तर यायचं तर मला आणखी एकदा नोकरी करून आणखी एकदा निवृत्त व्हावं लागेल."

आत्याने तो कागद बाजूला ठेवला. एकोणचाळीस जोड उन्हाळाभर होत गेले आणि हा एक भिंतीला टाचलेला राहिला. ती सुतळीला मेण लावताना त्याच्याकडे बघे, खळ ढवळताना बघे. तिने सगळे साचे त्यावर ठेवून पाहिले, एकही बसेना. "असा पाय नसतोच," ती एकदा म्हणाली. "डावा आणि उजवा एकमेकांकडे बघत नाहीत. दोन्ही एकाच बाजूला कलले आहेत. माणूस असा उभाच राहू शकत नाही."

व्यापारी निघायला आठ दिवस उरले. जाड तळाचे कातडे एकाच जोडापुरते शिल्लक होते.

"कागदाप्रमाणे करून टाक," भाचा म्हणाला. "त्यांनी पाठवलं ते आपण केलं."

"आणि पाय उडतीचा असला तर? लांब बोट बुटात दुमडून ती दीड तास चालेल? किती दिवस?"

"बरं, मग जुन्या कागदांवरून अंदाजानं कर."

"आणि ती शाळेत नसलीच तर? ज्या पोरीचा हा पाय आहे, तिचं काय?"

भाच्याने हात टेकले. "आत्या, तू मला विचारतेस की मला शिक्षा करतेस?"

शनिवारी सकाळी पोस्टमास्तर नाड्या ओवायला आले आणि चष्मा कपाळावर चढवून त्या कागदासमोर उभे राहिले. पायांतले त्यांना काही कळत नाही. पण कागदावर उमटलेल्या खुणांमध्ये त्यांचा जन्म गेलेला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बाई, हा जो कुणी पेन्सिल धरून होता ना, तो अडचणीत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला हात फिरवायला जागा नव्हती. हे बघा. बाकीच्या कागदांवर रेघेचा दाब सगळीकडे सारखा. इथे दोन्ही पायांची डावी कड दाट आणि उजवी फिकी. आमच्याकडे कपाट आणि भिंतीच्या मधल्या बोळकांडीत एक कारकून बसायचा, त्याचा शिक्का असाच पडायचा. शिक्का बघून मी सांगायचो, हा त्या बोळकांडीतून आलाय."

"अडचणीत," आत्या म्हणाली. मग आणखी एकदा, हळू, "अडचणीत."

ती स्टुलावरून उठली आणि स्वतःच्या पायातला बूट काढू लागली. मोजाही काढला. भाचा बघतच राहिला. तपकिरी कागदाचा तुकडा तिने जमिनीवर टाकला, त्यावर उजवा पाय ठेवला, पेन्सिल घेतली आणि खाली वाकली.

"अगं आत्या, पडशील! कंबर धरेल! मला सांग ना काय हवंय ते!"

"गप्प बैस. धरू नकोस मला."

तिचे वय सदुसष्ट. ती वाकली आणि सगळा भार चवड्यावर आला. तोल जाऊ नये म्हणून बोटांनी आपण होऊन जमीन पकडली, आणि जे बोट सगळ्यांत लांब ते सगळ्यांत जास्त वाकले. टाच तिला दिसतच नव्हती. तिथे तिने पेन्सिल आंधळेपणाने मागे नेली. हात स्वतःच्याच गुडघ्यात अडत होता. रेघ एका बाजूला दाट होत होती, दुसऱ्या बाजूला सुटत होती. सरळ होऊन तिने श्वास घेतला, पाय तिथेच ठेवला आणि भाच्याला म्हणाली, "आता तू काढ. याच्यावरच. लाल पेन्सिलीनं."

भाच्याने गुडघे टेकून लाल रेघ काढली. आत्याने पाय उचलला.

कागदावर दोन बायका उभ्या होत्या. एक रुंद पायाची, आखूड बोटांची, एका अंगाला कललेली. दुसरी आत्या.

पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा कपाळावर नेला. भाच्याने भिंतीवरचा उडतीचा कागद काढून त्या काळ्या रेघेशेजारी धरला. दोन्ही पाय एकाच तऱ्हेने खोटे होते.

"स्वतःच काढलाय तिनं," भाचा म्हणाला.

आत्या फळीकडे गेली आणि त्या वर्षीचे बाकीचे एकोणचाळीस कागद तिने खाली काढले. एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. सगळ्यांवर रेघ करंगळीपासून सुरू झाली होती, आणि सुरुवातीला पेन्सिल जराशी टेकवून थांबलेली, म्हणून तिथे एक ठिपका. उडतीच्या कागदावरही करंगळीपाशी तोच ठिपका. आत्याने एवढ्या वर्षांत पाय पाहिले होते. पाय काढणारा हात तिने कधी पाहिलाच नव्हता. कोण वाकते, कोण त्या थंड जमिनीवर बसते, कोण चुळबुळणाऱ्या पोरीला जरा थांब गं म्हणते, असा प्रश्नच तिला पडला नव्हता.

एकोणचाळीस मुलींपुढे उडती गुडघे टेकून बसली होती. मग तिची पाळी आली, आणि तिच्यापुढे बसायला कुणी उरले नव्हते.

"म्हणजे ती शाळेत आहे," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज उगाचच मोठा लागला.

"शाळेत आहे?" आत्या म्हणाली. "अहो, शाळेचं काम तिच्या हातात आहे." आणि ती स्टुलावर बसली, एका पायात बूट, एक पाय उघडा. सकाळचा प्रहर होता. खिडकीतून माणसे भराभर चालली होती आणि आत्या प्रथमच त्यांच्याकडे बघत नव्हती.

आश्चर्य करत बसायला मात्र वेळ नव्हता. कागद खोटा आहे एवढे कळले, खरा पाय त्यातून कळला नाही. तो काढायचा कसा? आत्याने स्वतःची काळी रेघ आणि लाल रेघ यांच्यातले अंतर बोटाने चाचपले. वाकल्याने आपला पाय इथे एवढा पसरला, तिथे एवढा आखडला. मग उडतीचा तेवढाच धरायचा का?

"पण तू सदुसष्टीची, ती पंधराची," भाचा म्हणाला. "तिला वाकताना तुझ्यासारखं मरण येत नसणार."

"तेच म्हणते मी. तिचं वाकणं हलकं असणार. निम्मं धरायचं."

"निम्मं कशावरून?"

"कशावरून नाही," आत्या म्हणाली. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे, उभ्या आयुष्यात आत्याने कबूल केलेला हा पहिला अंदाज.

तिने उडतीचे आधीचे सहा कागद एकावर एक ठेवले, खिडकीच्या काचेला लावले, आणि उजेडात सहा रेघा एकीतून एक उमलताना दिसल्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. सातवी कुठे पडेल ते तिने त्या सहांना विचारले, मग वाकलेल्या कागदाला विचारले, आणि दोघांच्या मधोमध एक नवीन रेघ काढली. जगात कुणी पाहिलेली नव्हती अशी. त्या रेघेवर तिने साचा तासला. तीन दिवस गेले. एकुलते एक जाड कातडे कापताना भाचा खोलीबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला, त्याला बघवेना. आत शिंपिणीचे लोकरी कापड तिने दोन सुट्या थरांत घातले. घट्ट झाला तर एक थर काढता येईल. तेवढीच काय ती चुकायची मुभा.

व्यापारी पेटी न्यायला आला तेव्हा आत्या त्याला पायऱ्यांच्या वर रस्त्यापर्यंत सोडायला गेली. असे ती कधी करत नसे.

"निरोप आहे का काही?" त्याने विचारले.

"आहे. बूट बसले की नाही ते कुणी लिहून पाठवू नका. लोक चांगलंच लिहितात. तिचे बूट झिजले की ते परत आणा. आणि तिला सांगा, स्वतःचा पाय स्वतः काढू नये. कुणाला तरी खाली बसवावं."

"कुणाला सांगू? नाव काय तिचं?"

आत्याने उडतीच्या कागदाचा अक्षरांचा कोपरा फाडून त्याच्या हातात दिला.

पुढचे वर्ष आत्याचा जीव टांगणीला लागला होता, हे भाच्याला तिच्या कामावरून कळे. ती एकेक टाका उसवून पुन्हा घाली. थंडी पडली तसे तिने खिडकीखालचे स्टूल आणखी जवळ ओढले. एकदा भर कामात ती म्हणाली, "आता ती ओढ्यापाशी असेल," आणि भाच्याने, ज्याला प्रत्येक वाक्यावर काही ना काही बोलायची खोड आहे, नुसती मेण लावलेली सुतळी तिच्यापुढे सरकवली.

खिंड उघडली. व्यापारी आला. गठ्ठ्याबरोबर लोकरीच्या चिंधीत गुंडाळलेला एक जोड होता. त्याने तो ठेवला आणि काही सांगायला तोंड उघडले, पण आत्याने हात वर केला. तिला ऐकायचे नव्हते. तिने बूट उलटे केले.

तळ जवळजवळ उरलाच नव्हता. टाचेची बाहेरची कड तिरपी झिजली होती: उतार. चवड्याखाली बारीक धारेच्या चिरा, शेकडो, एकमेकींना कापत गेलेल्या: दगड. शिवणीत कातडे पाण्याने कितीदा तरी फुगून पुन्हा आवळलेले: ओढा. सबंध हिवाळा तिच्या हातात होता. एकही आठवडा वगळलेला नव्हता. वगळला असता तर आत्याला दिसला असता. जाताना दीड तास आणि येताना पावणेदोन, आणि असे किती दिवस, हे कुणी सांगितले असते तर तो नुसता आकडा झाला असता. इथे ते कातड्यातून खरवडून नेलेले होते.

मग तिने बुटात हात घातला. लोकरी थर एकच होता, दुसरा काढलेला. उरलेल्या थरावर पाच बोटांचे पाच खळगे दबून बसले होते, गुळगुळीत, जणू कुणी आतून हात धरावा तसे. आत्याची तर्जनी त्यांच्यावरून फिरली. अंगठा. आणि त्याच्या शेजारी, अर्धे पेर पुढे, लांब बोट. मोकळे, सरळ, कुठेही दुमडलेले नाही.

बूट तिने पोस्टमास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि काय करावे न कळून खाली न ठेवता तसाच धरून ठेवला.

"एक कळलं नाही," दुसरा बूट बघत भाचा म्हणाला. "पुढचं टोक एवढं का घासलंय? दोन्ही बुटांचं. आणि बोटांपाशी ही आडवी घडी बघ, कातडं फाटायला आलंय. पाय फरपटत चालते की काय?"

"चालण्यानं टोक असं झिजत नाही."

"मग?"

आत्याने आपला पाय पुढे केला. तिच्या बुटाचे टोक तसेच घासलेले होते, तीच आडवी घडी, बोटांच्या मुळाशी. गिऱ्हाइकापुढे खाली बसून बसून पडलेली.

भाचा त्या घडीकडे बघत राहिला, मग उडतीच्या बुटाकडे. गठ्ठ्यात या वर्षी एकसष्ट कागद होते. त्याने सुतळी सोडली, वरचाच कागद उडतीचा होता. रेघ नवख्या हाताची, थरथरलेली, दोनदा गिरवलेली. पण पाय सरळ उभा होता आणि लांब बोट आपल्या जागी होते.

"एकसष्ट," भाचा म्हणाला. "शनिवार पुरायचे नाहीत, आत्या."

"मग शुक्रवार दुपारही धर." ती कातड्याच्या ढिगाशी वाकली होती आणि तळाच्या तुकड्यांतला सगळ्यांत जाड तुकडा अंगठ्याने दाबून बघत होती. "आणि हिच्या जोडाला पुढचं टोक दुपदरी घ्यायचं. तळाचं कातडं लावायचं तिथे. साठ जणींपुढे बसायचंय तिला."

तिने रापीला धार लावली आणि टोकाचे दोन तुकडे कापायला घेतले.